खेळातील वेश आणि खेळातील न्याय



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले असेल, अर्थकारण ऐकले असेल, आरोग्य आणि प्रवास ऐकले असतील. कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले की तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगारांचे हाल यांवर बोलणार, ही आपली अपेक्षाही रास्तच आहे. म्हणून पत्रिकेवर आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. फोनवर आणि संगणकावर मुले गोळीबाराचे खेळ खेळतात. त्या खेळांतील पात्रांचे वेश, त्यांची हत्यारे आणि दोन बाजूंचा समतोल, यावर युनियनवाल्याने काय बोलावे?

माझे उत्तर सरळ आहे. तीस वर्षे मी दोनच प्रश्न विचारीत आलो आहे. नियम सर्वांना सारखा लागतो का? आणि नियम करतो कोण? माझे शिक्षण शाळेच्या बाकापेक्षा गेट मीटिंगमध्ये आणि वाचनालयात अधिक झाले, त्यामुळे पंडिताच्या थाटात बोलणे मला जमणार नाही. पण हे दोन प्रश्न मला ओळखता येतात, आणि ते या खेळांत जागोजाग उभे आहेत. आपल्या घरातली मुले रोज दोन-दोन तास ज्या जगात घालवतात, त्या जगात न्याय आहे की नाही, हे पाहणे पोरखेळ नव्हे.

ज्यांना या खेळांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खेळणारे आपापल्या घरी बसलेले असतात. इंटरनेटच्या तारेने ते एका काल्पनिक रणांगणावर एकत्र येतात. कधी पाचास पाच असे दोन संघ असतात, तर कधी शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. प्रत्येकाचे एक पात्र असते. त्या पात्रात खेळणारा दोन प्रकारचे बदल करू शकतो. एक बदल रूपाचा: टोपी, अंगरखा, बंदुकीवरचा रंग. मुले त्याला ‘स्किन’ म्हणतात. दुसरा बदल बळाचा: बंदूक कोणती, धावण्याचा वेग किती, किती गोळ्या झेलता येतात. रूप आणि बळ, हे दोन शब्द आपण ध्यानात ठेवावेत. आजचे सारे बोलणे या दोहोंभोवती आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. न्याय म्हणजे सर्व जण एकाच साच्यातले, असे नव्हे. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, घोडा उडी मारतो; प्यादे बिचारे एक घर पुढे. तरीही बुद्धिबळ अन्यायाचा खेळ आहे असे कोणी म्हणत नाही, कारण दोन्ही बाजूंना तीच सेना मिळते. २००७ साली व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ‘टीम फोर्ट्रेस २’ नावाचा खेळ काढला. त्यात नऊ प्रकारची पात्रे आहेत. ‘हेवी’ नावाचा धिप्पाड गडी ३०० अंश मार सोसतो, पण चालतो रेड्यासारखा. ‘स्काउट’ वाऱ्यासारखा पळतो, पण १२५ अंशांतच गार होतो. एक वैद्य आहे, तो स्वतः फारसे लढत नाही; जखमी सोबत्यांना उभे करतो. एक कारागीर आहे, तो बसल्या जागी आपोआप चालणारी तोफ उभारतो. आणि एक हेर आहे, तो शत्रूचा वेश घेऊन मागून सुरा खुपसतो. कोणीही सर्वश्रेष्ठ नाही. प्रत्येकाला एखाद्याचे भय आहे आणि प्रत्येक जण एखाद्याला भारी आहे. कारखान्यात फिटर, टर्नर, वेल्डर आणि हमाल यांची कामे वेगळी, पण एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. तशीच ही रचना आहे. वेगळेपणाला जागा देऊन साधलेला हा समतोल सारखेपणाहून अवघड असतो, आणि त्यातच खेळाची गोडी आहे.

असा समतोल एकदा साधला की कायमचा राहतो, असेही नाही. लाखो लोक खेळू लागले की एखादी बंदूक फार जड ठरल्याचे दिसून येते. जो तो तीच उचलतो. मग कंपनी तिचा मारा कमी करते. याला मुले ‘नर्फ’ करणे म्हणतात. नर्फ हे फोमच्या मऊ गोळ्या मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीचे नाव आहे. दुबळ्या हत्याराचे बळ वाढवले की ते ‘बफ’ झाले. वेतनकरारात आपण दर काही वर्षांनी वेगवेगळ्या कामांचे दर पुन्हा लावून घेतो, तसलीच ही गोष्ट आहे. फरक इतकाच की इथे वाटाघाटीचे टेबल नाही. त्याकडे मी पुढे वळतो.

न्यायाची दुसरी एक तऱ्हा ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात पाहावयास मिळते. १९९९ साली दोन तरुणांनी हौसेने दुसऱ्या एका खेळात फेरफार करून तो सुरू केला, आणि पुढे व्हॉल्व्हने तो आपलासा केला. या खेळात प्रत्येक जण खेळातले ८०० डॉलर घेऊन सुरुवात करतो. फेरी जिंकली तर अधिक पैसे मिळतात आणि त्यातून चांगली बंदूक घेता येते. आता आपण म्हणाल, मग जिंकणाराच श्रीमंत होत जाणार आणि हरणारा भिकेला लागणार. तसे होऊ नये म्हणून एक योजना आहे: हरणाऱ्या बाजूलाही पैसे मिळतात, आणि लागोपाठ हरत गेल्यास ते १४०० पासून ३४०० पर्यंत वाढत जातात. हरलेल्याला पुन्हा उभे राहण्यापुरती ताकद मिळते. शिवाय नकाशाच्या दोन बाजू सारख्या नसतात, म्हणून अर्धा डाव झाला की संघ बाजू बदलतात. ज्याने चढ चढला त्याला उतारही मिळतो. हा नियम ज्यांनी केला ते कोणत्या पक्षाचे होते मला ठाऊक नाही, पण बेकारीभत्त्याचे तत्त्व त्यांना कळले होते, एवढे खरे! आणि मुख्य गोष्ट अशी की हे पैसे खेळातच मिळतात आणि डाव संपताच संपतात. घरच्या तिजोरीची किल्ली इथे चालत नाही.

आता दुखऱ्या जागी येतो. घरची तिजोरी खेळात शिरली की काय होते? वाण्याच्या तागडीला खालून पासंग लावलेला असला की वरून काटा कितीही सरळ दिसो, माप खोटेच. पैसे देऊन बळ विकत घेणे हा खेळाच्या तागडीचा पासंग होय. आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी येईपर्यंत ‘फ्री फायर’ हा खेळ गल्लोगल्ली खेळला जात होता. स्वस्त फोनवर चालत असल्यामुळे तो गरिबाघरच्या मुलांचा खेळ होता. त्यात बंदुकीला चढवण्याचे जे वेश होते, त्यांतील कित्येकांनी नुसता रंग बदलत नसे. बंदुकीचा मारा, पल्ला किंवा गोळ्या भरण्याचा वेग यांतही फरक पडे. म्हणजे रूपाच्या नावाखाली बळ विकले जात होते. फोन स्वस्त, खेळ फुकट, आणि विजय मात्र विकत! याउलट बंदी, पुनरागमन, पुन्हा बंदी असा प्रवास करून मे २०२३ मध्ये परत आलेल्या ‘बीजीएमआय’ या खेळात बंदूक कितीही सजवली तरी गोळीचा मारा तोच राहतो. दोन खेळ दिसायला भावंडे. पण न्यायाच्या काट्यावर त्यांची वजने वेगळी भरतात.

या बाबतीत सर्वात गाजलेला तंटा नोव्हेंबर २०१७ मधला आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीचा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ हा खेळ बाजारात येत होता. त्याची पूर्ण किंमत मोजून घेतल्यावरही डार्थ व्हेडरसारखे नामांकित पात्र मिळवायला खेळातली ६०,००० नाणी साठवावी लागत. शिवाय बळ वाढवणारे पत्ते बंद पेट्यांत ठेवलेले. पेटीत काय निघेल ते नशिबावर, आणि पेट्या खऱ्या पैशांनीही घेता येत. खेळणारे खवळले. पात्र कष्टाने मिळाले म्हणजे अभिमान वाटतो, अशा अर्थाचा खुलासा कंपनीने रेडिट या संकेतस्थळावर केला. त्या खुलाशाविरुद्ध साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. कंपनीने आधी नाण्यांचा दर ६०,००० वरून १५,००० वर आणला. तेवढ्याने भागेना, तेव्हा खेळ अधिकृतपणे विक्रीस येण्याच्या तोंडावर खऱ्या पैशांची खरेदीच बंद केली. पुढे २०१८ साली नियम बदलून बळ देणारे पत्ते पैशाने मिळणार नाहीत असे ठरले; पैशाने घ्यायचा तो केवळ वेश.

मित्रहो, या घटनेत मला संपाचे दर्शन होते. पुढारी नाही, निधी नाही, झेंडा नाही. पण लाखो माणसांनी एकाच आठवड्यात एकच गोष्ट सांगितली आणि मालकाला ऐकावे लागले.

कंपनीच्या बाजूनेही एक मुद्दा मांडला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, शाळकरी मुलाजवळ वेळ असतो, पैसा नसतो. नोकरदाराजवळ थोडा पैसा असतो, वेळ नसतो. एकाने तास खर्चून जे मिळवावे ते दुसऱ्याने पैसे देऊन घेतले तर बिघडले कोठे? बारा तासांची पाळी करून घरी आलेल्या माणसाविषयी मला कोणी कळवळा शिकवण्याची गरज नाही. पण मी विचारतो, बुद्धिबळात वजीर मिळवण्यासाठी चाळीस तास प्याद्यांनी खेळावे लागते काय? हत्यारे पहिल्या दिवसापासून सर्वांना खुली ठेवा. मग वेळ नसलेला आणि पैसा नसलेला असे दोघेही समान पायरीवर उभे राहतील. काउंटर-स्ट्राइकमध्ये तसेच आहे. आधी वाट मुद्दाम लांब करायची आणि मग आडवाटेचा टोल घ्यायचा, ही सोय नव्हे, ती अडवणूक होय.

खेळ चालवायला पैसा लागतो हेही खरे. म्हणून बळ विकायचे नाही, फक्त रूप विकायचे, असा तोडगा निघाला. टीम फोर्ट्रेसमध्ये २००९ साली टोप्या आल्या आणि २०१० साली दुकान उघडले. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१३ साली रंगीत बंदुका आल्या. ‘फोर्टनाइट’ तर २०१७ पासून या वेशांच्या विक्रीवर गबर झाला. ज्याला हौस आहे त्याने पैसे द्यावेत आणि बाकीच्यांनी फुकट खेळावे, हा तोडगा बळ विकण्यापेक्षा कितीतरी बरा, असे माझे मत आहे. पण करारावर सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचावीत अशी आम्हांला सवय आहे. ती अक्षरे वाचली की तीन खोचा दिसतात.

पहिली खोच अशी की गोळीबाराच्या खेळात रूप हेही बळ असते. जो दिसत नाही तो मरत नाही. टीम फोर्ट्रेसच्या कलाकारांनी प्रत्येक पात्राची बाह्यरेषा अशी काढली होती की नुसत्या सावलीवरून हा कोण, हे दुरून ओळखावे. एक संघ तांबडा आणि एक निळा, म्हणजे आपला-परका कळावा. कला तिथे न्यायाची चाकरी करीत होती. याउलट ‘कॉल ऑफ ड्यूटी : वॉरझोन’ या खेळात २०२० साली रोझ नावाच्या पात्राचा नखशिखान्त काळा पोशाख आला. तो घालून खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसले की माणूस दिसेनासा होई. कागदोपत्री ते केवळ कापड होते. मैदानावर ते चिलखताहून उपयोगी ठरले. तक्रारींचा पाऊस पडल्यावर कंपनीला तो पोशाख उजळ करावा लागला. म्हणून ‘हा तर नुसता वेश आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्या वेशाने समोरच्याला काय दिसेनासे होते, ते विचारावे.

दुसरी खोच पेटीची. वेश थेट न विकता बंद पेटीत ठेवला की ती सोडत होते. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये तीन खेळांतल्या अशा पेट्या त्या देशाच्या जुगारविषयक कायद्याविरुद्ध असल्याचे ठरवले. त्यांत काउंटर-स्ट्राइकही होता. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटच्या मालक कंपनीने तेथील व्यापार आयोगाशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. त्यांतले २४.५ कोटी हे फसव्या मांडणीमुळे नकळत झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठी होते; उरलेले मुलांच्या खासगी माहितीच्या बाबतीतले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. मुलाच्या हातातली सजवलेली बंदूक त्याच्या नजरेच्या कडेलाच राहते.

तिसरी खोच मनाची. फोर्टनाइट खेळणाऱ्या मुलांत ‘डिफॉल्ट’ ही शिवी झाली आहे. ज्याने काहीच विकत घेतलेले नाही, ज्याच्या अंगावर खेळाने दिलेला फुकटचा वेश आहे, तो डिफॉल्ट. आपल्या पूर्वसुरींनी शाळेत गणवेश का आणला? सावकाराच्या आणि शेतमजुराच्या मुलाने एका बाकावर बसताना कापडावरून ओळखू येऊ नये म्हणून. तो गणवेश उतरवून मुलगा घरी येतो आणि फोन उघडताच पुन्हा कापडावरून ओळखला जातो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत पोरे कॅन्टीनमध्ये असलेच खेळ खेळतात. त्यांतल्या एका कंत्राटी पोराने महिन्याच्या ओव्हरटाइमचे निम्मे पैसे बंदुकीच्या एका सोनेरी वेशावर घातले. मी त्याला रागे भरलो नाही. नुसते विचारले, याने नेम सुधारतो का रे? तो म्हणाला, “नाय काका, पण लोक संघात घेतात.” हे वाक्य मला विसरता आलेले नाही. दिवसा ज्याच्या गळ्यात कंत्राटदाराचा वेगळ्या रंगाचा बिल्ला असतो, त्याने रात्री सोनेरी बंदूक विकत घ्यावी, यात त्याचा दोष मी कसा काढू?

आता शेवटचा प्रश्न: नियम करतो कोण? समतोल जो राखतो, तो कोण? आपल्याला वाटते, संगणक राखतो. तसे नाही. एखादे हत्यार जड आहे, एखाद्या भिंतीतून गोळी जाते, एखादा वेश अंधारात नाहीसा होतो, हे तासन्‌तास तपासणारी माणसे असतात. त्यांना चाचणी कामगार म्हणावे. या धंद्यातल्या उतरंडीत त्यांची जागा तळाशी आहे. पुष्कळदा ते कंत्राटावर असतात. ज्या वॉरझोनचा उल्लेख मी केला, त्याचे काम करणाऱ्या अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअर या कंपनीत डिसेंबर २०२१ मध्ये अशाच काही चाचणी कामगारांना घरी जाण्यास सांगण्यात आले. बाकीच्यांनी काम बंद केले. त्यातून त्यांनी संघटना उभारली, आणि मे २०२२ मध्ये गुप्त मतदानात ती १९ विरुद्ध ३ मतांनी जिंकली. बावीस माणसांचे मतदान! आकडा लहान आहे, पण अमेरिकेतल्या बड्या खेळ-कंपनीत संघटनेने मिळवलेला तो पहिलाच विजय होता. जे लोक जगभरच्या मुलांसाठी तागडी सरळ धरतात, त्यांनी अखेर स्वतःच्या पगाराच्या तागडीकडे पाहिले. मला यात केवळ आनंदच नाही, तर्कही दिसतो. उद्या काम राहील की नाही याची ज्याला धास्ती, तो वरिष्ठाला ‘हा वेश विकू नका, तो अन्यायाचा आहे’ असे ठणकावून कसे सांगेल? तपासणाऱ्याची नोकरी सुरक्षित असेल तरच त्याची तपासणी निर्भय होईल.

तेव्हा आपण काय करावे? फोन हिसकावून घेणे हा उपाय मला पटत नाही. कुलूप लावल्याने मुलगा खेळायचा थांबत नाही, फक्त आपल्याशी बोलायचा थांबतो. त्यापेक्षा एकदा त्याच्या शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. या खेळात पैसा दिला की रूप मिळते की बळ? जे मिळणार ते आधी दिसते, की पेटी उघडल्यावर कळते? आणि काहीच विकत न घेणाऱ्याला सोबती कसे वागवतात? मुले हुशार असतात. दोन दिवसांत ती तुम्हांला अशा खाचाखोचा दाखवतील की तुम्ही थक्क व्हाल. आणि अन्याय दिसला तर त्यांना एकट्याने कुढत बसू नका, चार जणांनी मिळून कळवा, असे सांगा. २०१७ साली जे घडले ते असेच घडले.

खेळात मूल हरायला शिकते आणि जिंकायलाही शिकते. हरलो तर का हरलो, हे त्याला समजले पाहिजे: नेम चुकला, घाई झाली, सोबत्याला साथ दिली नाही. असे कारण सापडले की ते उद्या सुधारते. पण समोरच्याच्या बापाचा खिसा मोठा होता म्हणून हरलो, हे जर त्याला दहाव्या वर्षीच कळून चुकले, तर पुढे ते नियमांवर विश्वास ठेवणार नाही आणि नियमांसाठी भांडणारही नाही. मला भांडणारी मुले हवी आहेत. कारखान्यात, कचेरीत, नगरपालिकेत उद्या त्यांनाच तागडी धरायची आहे; तिच्याखाली हात घालून पासंग चाचपून पाहण्याची सवय त्यांना आजच लागू द्या.